रविवारचे मांडे

नूतनने कोपरांपर्यंत ताणलेला मांडा एका झोक्यात खापरावर टाकला आणि हात मागे घेता घेता म्हणाली,

"रविवारी मला जमणार नाही, अक्का."

कमलबाई परातीतलं पुरण चाखत होत्या. बोट जिभेवरच राहिलं.

"काय म्हणालीस?"

"रविवारी प्रार्थना असते. कामाला लागले तेव्हाच सांगितलं होतं."

"तेव्हा रविवारी काम नव्हतं. आता आहे."

मडकं पालथं घालावं तसं ते खापर चुलीवर पालथं होतं, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळाने काळंभोर झालेलं. मांडा फुगला, त्यावर बदामी ठिपके उठले. नूतनने तो चिमटीत धरून उलटला, घडी घातली आणि टोपलीत ठेवला. धुळ्यातल्या या स्वयंपाकघरातून लग्नांना, वास्तूंना, बारशांना मांडे जात. मेघा पुरण भरून लाटून देई. पण ती लाटलेली पोळी हातांवर घेऊन, मनगटांच्या झोक्यावर सुपाहून मोठी करून, न फाटता खापरावर अंथरायची, ते नूतनचं काम. आधी कमलबाई स्वतः करत. उजवा खांदा धरला तेव्हापासून त्यांनी आपला पाट नूतनला दिला होता.

"मोठं काम आहे," कमलबाई म्हणाल्या. "तिथंच जागेवर चुली मांडायच्या. नवीन मंडपवाल्याने आपलं नाव सांगून ठेवलंय, बाहेरगावचे पाहुणे आहेत म्हणे. आणि माझी मांडेवाली मला सांगते, जमणार नाही."

"मेघा करेल ना, अक्का. आता येतंय तिला."

"मेघाचा मांडा हातावरच फाटतो. हो की नाही गं?"

मेघाने मान खाली घालून लाटणं जोरात फिरवलं.

"पहाटे ये. आठला सोडते तुला. अंघोळ करून जा तुझ्या प्रार्थनेला. झालं?"

नूतनने पुढची पोळी हातावर घेतली. हे असंच एकदा झालं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, रविवारी आली होती. पहाटे ये, आठला सोडते. आठचे दहा झाले, दहाची दुपार. टोपल्यांवर टोपल्या भरल्या. घरी येऊन तिने पाय धुतले, पोरीला पाजलं, आणि आडवी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आज आपण प्रार्थनेला गेलो नाही. गेलो नाही याचं दुःख नव्हतं. दिवसभरात एकदाही आठवण आली नव्हती, याची तिला भीती वाटली. एखादं माणूस घरात नाही आणि जेवायला बसेपर्यंत कुणाच्या लक्षातच येऊ नये, तसं.

हे कमलबाईंना कसं सांगायचं?

"आठला सुटणं होत नाही, अक्का," ती एवढंच म्हणाली.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

कोपऱ्यात वांगी चिरणारी जरीना हसली. "अक्का, आमचा असलम जुम्म्याला अर्धा घंटा दुकान बंद करतो तर गिऱ्हाईक पायरीवर बसून राहतं. हिचं इतवार पूरं दिवसभर. तुमचंच नुकसान आहे, देव बदलून घ्या म्हणावं हिला."

"तू वांगी चीर."

"चिरतेच आहे की. वांग्यांना कुठे इतवार?"

मागच्या कोठीच्या दारात, दोन आकड्यांना बांधलेल्या झोळीत नूतनची एस्तेर कुरकुरली. नूतन उठायच्या आत कमलबाईंनी जाता जाता झोळीला झोका दिला. तो त्या रोज, रागावलेल्या असतानाही, देत. पोर घेऊन कामाला येऊ देणारं धुळ्यात दुसरं स्वयंपाकघर नूतनला माहीत नव्हतं.

"नीट ऐक," झोळीची दोरी हातात धरून कमलबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे मेघाचंही लाटणं थांबलं. "रविवारी आली नाहीस तर सोमवारी येऊ नकोस. तुझ्या देवाच्या आड मी येत नाही. तू माझ्या धंद्याच्या आड येऊ नको."

खापरावरचा मांडा करपला. नूतनच्या हातून इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

*

"एक रविवार नही गयी ते काय व्हई जाई?" तानुबाई म्हणाली.

सासू साक्रीकडची. शहरात इतकी वर्षं काढून तिची अहिराणी जागची हलली नव्हती. ती दारात बसून शेंगा सोलत होती आणि टरफलं नको तितक्या जोराने सुपात टाकत होती.

"देव समजी लेस. कमलबाई नही समजी लेत."

"माय, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं त्यांना."

"तुना सासरा रविवारे बी वखर हाके. रातले प्रार्थना करे. तो काय नरकमा गया का?"

नूतनने एस्तेरच्या तोंडातून शेंगेचं टरफल काढलं. पोर रडायला लागली, म्हणून तिला सोललेला दाणा चुरून दिला. सासरे देवमाणूस होते, तिने त्यांना पाहिलं होतं. त्यांच्याशी तिला स्वतःला ताडून बघायचं नव्हतंच.

नूतनचा नवरा योगेंद्र मोरीपाशी हात धूत होता. भाड्याची मालरिक्षा चालवायचा तो, कधी काम असे, कधी दिवसभर बाजार समितीच्या फाटकासमोर रिक्षातच पाय वर करून पडलेला असे. त्याने हात पुसले, टॉवेल झटकला, पुन्हा हात पुसले.

"चर्चचे पाळक काही हजेरी घेत नाहीत," तो म्हणाला. "या रविवारी तर तीन-चार गावांच्या मंडळ्या एकत्र येणार. बोदवडचे, वरणगावचे. त्या गर्दीत तू आहेस का नाहीस, कुणाला कळणार?"

"मला कळेल."

"बस. तेवढ्यासाठी."

"हो."

"आणि सोमवारी? सोमवारी काय करशील?"

देव काहीतरी करेल, असं म्हणता आलं असतं. तसं म्हणणारी माणसं तिने पाहिली होती, माईकवर. तिचा विश्वास होता तो एवढाच, की सोमवारही त्याचाच आहे. त्या सोमवारी काय असेल, ते तिला ठाऊक नव्हतं.

"बठ्ठा दिन देवनाच शेतस," तानुबाई जणू तिच्या मनातलं ऐकून म्हणाली. सगळे दिवस देवाचेच, पण तिने त्याचा अर्थ उलटा लावला होता. "सोमवार बी, बुधवार बी. मंग रविवारना हट्ट कसाले? देव एकला तुनाच शे का?"

"नाही, माय."

"मंग?"

नूतन एस्तेरला घेऊन आत गेली. पोर छातीशी लागली, तिचे डोळे हळूहळू मिटायला लागले, आणि एक हात आईच्या मानेवर, मंगळसूत्राच्या दोरीत अडकून राहिला. नूतनने तो सोडवला नाही. बाहेर सुपात टरफलं पडतच होती. ओठ न हलवता ती म्हणाली, प्रभू, मला नीट उत्तर देता येत नाही. मग तिला वाटलं, उत्तर देता येत नाही हेही सांगून झालं, आता काय सांगायचं.

*

शनिवारी ती कामावर गेली तेव्हा झोळी आकड्यांवर नव्हती. घडी करून, दोरी तिच्यावर गुंडाळून, दारातल्या पाटावर ठेवलेली होती.

"अजून वेळ आहे," कमलबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "येते म्हण, मी परत बांधते."

"आज पुरण घालून ठेवते सगळं. कणीक तिंबून ठेवते. हवं तर मेघाला शिकवते दिवसभर."

"पुरणाची मेहरबानी नको मला. येतेस का?"

"नाही, अक्का."

कमलबाईंनी हातातला कालथा परातीत टाकला. "आमच्यात एक म्हातारी होती, उपवासाच्या दिवशी पाणीसुद्धा पीत नव्हती. सगळे पाया पडायचे. आणि तिच्या सुना दिवसभर तिचं अंग रगडायच्या, चक्कर येते म्हणून. उपवास तिचा, मरण सुनांचं. तसं तुझं आहे. भक्ती तुझी, आणि उद्या तोंडघशी पडणार मी."

हा घाव लागला. नूतनला आत्तापर्यंतच्या बोलण्याने एवढं लागलं नव्हतं. कारण ते खरं होतं, निदान अर्धं तरी. तिने एस्तेरला कडेवर घेऊनच दिवसभर काम केलं. मेघाला पाटावर बसवून तिच्या मागे उभी राहिली. "मनगट सैल सोड. ओढू नकोस गं, ती आपली आपण मोठी होते, तू फक्त फिरव." मेघाचे मांडे फाटत होते, आणि दर फाटक्या मांड्यागणिक मेघा रडवेली होऊन कमलबाईंकडे बघत होती.

निघताना नूतनने झोळी काखेत घेतली.

"बघ बाई," जरीना हळूच म्हणाली. "मी तर म्हणते ताप आलाय सांग. पोरीला ताप आलाय. अक्का काय थर्मामीटर घेऊन येणार आहे?"

"ताप नाही आलेला, जरीनाभाभी."

"या अल्ला. खोटंसुद्धा बोलायचं नाही. तुझं अवघड आहे."

*

रविवारी सकाळी तानुबाई आणि योगेंद्र पुढे निघून गेले होते. तिच्याबरोबर चालणं दोघांनाही नको होतं. कापणीचा सण होता. एरवी शाळेच्या वर्गात भरणारी उपासना आज शहरातल्याच देवपूर भागातल्या मोठ्या हॉलमध्ये होती. वर्षाचं पहिलं पीक घेऊन लोक येत होते. कुणी बाजरीची कणसं, कुणी कापसाचं बोचकं, बोदवडकडच्या एका आजोबांनी पाय बांधलेली कोंबडी काखोटीला मारली होती. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो. नूतनच्या हातात मेथीची जुडी होती, दारापुढे पत्र्याच्या डब्यात लावलेली.

फाटकातून आत शिरताना तिला तो वास आला. पऱ्हाट्यांचा धूर, आणि त्यात मिसळलेलं वेलदोड्याचं गरम पुरण. पाय थांबले. हॉलच्या मागच्या बाजूने धूर वर चढत होता. आपल्याला भास होतोय असं तिला वाटलं, आणि तरीही ती कोपऱ्यावरून वळली.

विटांवर दोन खापरं मांडलेली होती. एका खापरापुढे मेघा, दुसऱ्यापुढे डोक्याला पदर घट्ट बांधून कमलबाई स्वतः. जरीना पातेल्याशी.

कमलबाईंनी वर बघितलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं आवळलेलं सुटलं.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. उशीर झाला तर झाला. पोरीला जरीनाकडे दे आणि बस इथे. हात धू आधी."

त्या पाटावरून अर्ध्या उठल्यादेखील. मग त्यांना तिच्या अंगावरची इस्त्रीची साडी दिसली, आणि मेथीच्या जुडीबरोबर हातात धरलेलं पवित्र शास्त्र.

"मी प्रार्थनेला आलेय, अक्का."

"इथे?"

"इथेच असते आज. मला नव्हतं माहीत, हे काम..."

कमलबाईंनी मान वळवली. हॉलच्या खिडकीवर झेंडूच्या माळा होत्या आणि वर कापडी फलक. आल्यापासून त्यांनी चुलींखेरीज कशाकडे पाहिलं नव्हतं. आता त्यांनी तो फलक शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "हे तुझ्याच लोकांचं जेवण आहे."

जरीनाने पातेल्यावर झाकण ठेवलं.

तेवढ्यात रतिलालभाऊ आले. मंडळीचे खजिनदार, शाळेतून निवृत्त झालेले, खिशाला सणाचं फूल टोचलेलं. नवीन मंडपवाल्याला मांडव, खुर्च्या, जेवण सगळं त्यांनीच एकगठ्ठा सांगितलं होतं, आणि पाहुण्यांना मांडे खाऊ घालायचे ही कल्पनाही त्यांचीच. ते टोपलीत डोकावले. वरचा मांडा मधोमध फाटून पुरण बाहेर आलेलं.

"हे असे? बाई, तुमचं नाव ऐकून सांगितलं होतं आम्ही."

"माझी मांडेवाली आज आली नाही," कमलबाई म्हणाल्या, आणि हातातल्या चिमट्याने नूतनकडे दाखवलं. "ही."

रतिलालभाऊंनी नूतनकडे पाहिलं, मग खापरांकडे, मग त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, ही तर आपलीच पोरगी! मग प्रश्न काय आहे? नूतन, बस बाई पटकन. उपासना काय, माईकचा आवाज इथपर्यंत येतो. आणि हे कुणाचं काम आहे? देवाच्याच लेकरांचं ना?"

कमलबाई पाटावरून पूर्ण उठल्या आणि बाजूला सरकल्या. पाट रिकामा झाला. सगळे तिच्याकडे बघत होते. खापर तापत होतं आणि मेघाच्या डोळ्यांतून धुराचं का कशाचं पाणी वाहत होतं.

तिला बसावंसं वाटलं. एवढं सोपं होतं ते. कोणीही तिला नाव ठेवलं नसतं, मंडळीने नाही, सासूने नाही, आणि सोमवारही सुटला असता. कदाचित हाच देवाने दिलेला मार्ग असेल, असंही तिच्या मनात आलं, आणि ते इतकं पटकन आलं की तिचा त्यावर विश्वास बसेना. आखाजीच्या दिवशीही माणसं चांगलीच होती. कामही चांगलंच होतं.

हॉलमध्ये पेटी वाजायला लागली.

"भाऊ," ती म्हणाली, "मी उपासनेला आलेय."

"अगं पण..."

"उपासना झाल्यावर येते."

ती वळली. मागून रतिलालभाऊ मोठ्याने म्हणाले, "हा धर्म नाही हं, पोरी. ही घमेंड झाली." कमलबाई पाटावर पुन्हा बसल्याचा आवाज आला, आणि खांदा दुखल्यावर त्या दातांतून जो श्वास ओढत तो.

*

आत तिला कसलीच शांती मिळाली नाही. गीतं झाली, तिने ओठ हलवले. पीक पुढे नेऊन ठेवायची वेळ आली तेव्हा तिने मेथीची जुडी कणसांशेजारी ठेवली. पलीकडच्या ओळीतून तानुबाईने तिच्याकडे असं पाहिलं, की बातमी इथपर्यंत पोचली होती हे कळलं. पुढच्या दोन बायका मान वळवून बघून गेल्या. एकीने दुसरीच्या कानात काही सांगितलं.

पाळक बोलत होते, पण नूतनला खिडकीबाहेरचंच ऐकू येत होतं. खापरावर मांडा पडतो तेव्हा होणारा ओला, पसरट आवाज. त्यावरूनच तिला कळत होतं, हा नीट पडला, हा फाटला, हा मेघाचा, हा अक्कांचा. अक्कांच्या दोन मांड्यांमधला वेळ हळूहळू वाढत गेला. एवढ्या वेळात तिला देवाआधी कमलबाईंचा खांदाच आठवला.

एस्तेर मांडीवरून उतरून रांगत पुढच्या खुर्चीखाली गेली, तिथे सापडलेला झेंडू तोंडात घातला, परत आली. नूतनने तो काढून घेतला. पोर तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि अचानक हसली, सगळे चार दात दाखवून. नूतनला रडू आलं. तिने पोरीच्या केसांत तोंड लपवलं. मी इथे आहे, ती म्हणाली. दुसरं काही आणता आलं नाही, प्रभू, पण मी इथे आहे.

बाहेर पुन्हा मांडा फाटला. ती जागची उठली नाही.

आशीर्वाद झाला, आमेन झालं. लिलावाची घोषणा झाली, कोंबडीवर हसाहशी सुरू झाली, आणि ती पोरीला योगेंद्रच्या हातात देऊन मागच्या दाराने बाहेर पडली. त्याने पोरीला घेतलं, एवढं झालं.

*

जेवणाची रांग हॉलला वळसा घालून चुलींपर्यंत आली होती. टोपल्यांचा तळ दिसत होता. कमलबाई डाव्या हातानेच मांडा फिरवायला बघत होत्या. उजवा हात कोपरापासून अंगाशी धरलेला, त्याच्यावर भाजल्याचा लांब लाल पट्टा.

नूतनने पदर खोचला, हात धुतले आणि पाटाजवळ उकिडवी बसली.

"द्या, अक्का."

"ऊठ."

"आता झाली उपासना. द्या इकडे. मजुरी नको मला."

"ऊठ म्हणते ना." कमलबाईंचा चेहरा धुराने आणि रागाने काळवंडला होता. "तुझा रविवार आहे ना आज? माझा धंदा बुडाला तुझ्या रविवारापायी. आता तो पाळ तरी नीट. अर्धाच पाळायचा होता तर पहाटे का नाही आलीस?"

नूतनचे हात तसेच ओले राहिले. तिला उठताही येईना.

रतिलालभाऊ रांगेच्या बाजूने आले. "आता सुचलं का?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पाहुण्यांसमोर मंडळीची लाज काढलीस. बाहेरच्या बाईने सांगितलं तेव्हा ऐकलं नाहीस ते समजू शकतो मी, पण आम्ही सांगितल्यावर? स्वतःला काय समजतेस तू? आम्ही काय रविवार पाळत नाही?"

रांगेतल्या माणसांनी ताटांकडे बघितलं. तानुबाई रांगेतच होती.

कमलबाईंनी खापराखाली एक पऱ्हाटी सारली. रतिलालभाऊंच्या बुटांवरून त्यांची नजर वर गेली, खिशाच्या फुलावर थांबली, तिथून चेहऱ्यावर गेली. शुक्रवारपासून त्यांनी स्वतः नूतनला जे जे ऐकवलं होतं, तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत असल्यासारख्या त्या बघत राहिल्या.

रांगेच्या टोकाशी बोदवडचे आजोबा होते, कोंबडीवाले. लिलावात ती पुन्हा आपणच सोडवून घेतल्यामुळे खूश होते. फाटका मांडा तुपात बुडवून त्यांनी तिथेच उभ्याने संपवला, बोटं चाटली आणि खाली वाकून कमलबाईंना म्हणाले,

"अक्का, फाटका व्हता पण काय चव शे! आमच्याकडे नाताळाच्या आधी असाच मेळावा राहतो. बोदवडला येता का? तुमची गाडी, तुमची खापरं, सगळी सोय करू आम्ही. रविवारीच शे."

"हो, हो, येतील की," रतिलालभाऊ मध्येच म्हणाले. "फक्त माणसं पक्की आणा म्हणावं."

कमलबाईंनी चिमटा विटेवर ठेवला.

"रविवारी माझं खापर बंद असतं, नाना," त्या म्हणाल्या.

आजोबांनी जळणाऱ्या चुलीकडे पाहिलं, लाल झालेल्या खापराकडे पाहिलं, हातातल्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

"अन् मग हे?"

"हे चुकून झालं."

नूतन मान वर करून बघायला गेली, पण कमलबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. मेघाच्या हातांवरची फाटायला आलेली पोळी त्यांनी आपल्या हातावर घेतली होती, आणि दातांतून श्वास ओढत तिला फिरवत होत्या.